किल्लीतली कोरी जागा

ह्या लेखात कुणाचंही नाव नाही. नावं मला सगळी माहीत आहेत, लिहायची नाहीत एवढंच. नवऱ्याला मी घरात नावानेच हाक मारते, चिडले की आडनावासकट मारते, पण इथे तो नुसता 'नवरा'. त्याची आई म्हणजे माझ्या सासूबाई, तोंडावर 'आई'. त्याचे वडील म्हणजे 'बाबा'. ते जाऊन आता काही वर्षं झाली. आणि मी म्हणजे लग्न करून पुण्याहून इंग्लंडात आलेली, नॉटिंगहॅममधल्या एका लायब्ररीत जुन्या लॅटिन पुस्तकांचा कॅटलॉग करणारी एक तोंडाळ बाई. माणसं चारच आहेत, गोंधळ होणार नाही.

पुण्याची बाई आणि लॅटिन, हे कसं, असं सगळेच विचारतात. दहावीला मार्क पडतात म्हणून मी संस्कृत घेतलं होतं. इथे आल्यावर डिपेंडंट व्हिसावर घरात बसून भिंती बघण्यापेक्षा बरं म्हणून संध्याकाळच्या लॅटिनच्या क्लासला गेले, तर तिथे तीन लिंगं, विभक्त्या, वाक्याच्या टोकाला क्रियापद! माहेरी आल्यासारखं वाटलं मला. वर्गातले इंग्रज 'टेबलाला लिंग कशाला हवं?' म्हणून डोकं धरून बसायचे आणि मी पुढच्या बाकावर मान डोलवत असायचे. त्यातूनच पुढे ही नोकरी लागली.

घरी मात्र उलटा प्रकार. नवरा कॉव्हेंट्रीत जन्मलेला. मराठी त्याला समजतं सगळं, पण बोलायला लागला की लिंगाची पार वाट लावतो. 'माझा गाडी', 'मोठी दरवाजा', 'तुझा आई फोनवर आहे'. लग्न झाल्यापासून मी ते जागच्या जागी सुधारत आले आहे. तो 'माझा गाडी' म्हणाला की मी 'माझी' म्हणते, तो 'माझी' म्हणतो आणि पुढे जातो. शिंक आल्यावर समोरच्याने 'ब्लेस यू' म्हणावं, तितकं ते आमच्या अंगवळणी पडलं आहे.

सासूबाईंचं मराठी मात्र खणखणीत. त्या साताऱ्याकडच्या. बाबांना कॉव्हेंट्रीत गाड्यांच्या कारखान्यात नोकरी लागली, त्यांच्या मागोमाग त्या आल्या आणि पुढे कितीतरी वर्षं एका शाळेत डिनर लेडी, म्हणजे दुपारी मुलांना जेवण वाढणारी बाई, म्हणून राबल्या. साडीवर कार्डिगन, पायात बूट, हातात भला मोठा डाव. तिथल्या बायकांशी त्या इंग्रजीत बोलायच्या आणि नवऱ्याविषयी काही सांगायचं झालं की आपल्याकडच्यासारखं 'मिस्टर' म्हणायच्या. 'मिस्टर लाइक फिश.' 'मिस्टर नॉट वेल.' त्या बिचाऱ्या बायकांना वाटलं, ह्या माणसाचं नावच मिस्टर आहे! अजूनही आमच्याकडे त्या काळातली ख्रिसमस कार्डं आहेत, प्रत्येकावर सासूबाईंचं नाव आणि पुढे 'अँड मिस्टर'. बाबा ती कार्डं आल्यागेल्याला दाखवत. मीही पोट धरून हसले होते. त्यात आणखी काही आहे हे तेव्हा मला कळायला हवं होतं, पण नाही कळलं.

बाबा गेल्यावर सासूबाई आमच्याकडे नॉटिंगहॅमला राहायला आल्या. 'तुमच्या घरात मी पाहुणी म्हणून राहणार नाही,' असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं आणि दाराची किल्ली मागून घेतली. लाल दोऱ्यात ओवून, सेफ्टी पिनेने ती कार्डिगनला आतून टाचली. खिशात बस पास. दर गुरुवारी त्या बसने बाजारात जायच्या, मेथीच्या आणि कोथिंबिरीच्या जुड्या घेऊन यायच्या आणि मी कामावरून आले की कुठल्या दुकानात कोण कसं फसवतं ते ऐकवायच्या. त्या किल्लीवर त्यांचा फार जीव होता. बोलता बोलता हात कार्डिगनच्या आत जायचा आणि ती आहे ना हे बघून यायचा.

माझ्या कामाची त्यांना गंमत वाटायची. 'मेलेल्या भाषेत कसली गं पुस्तकं लिहिली लोकांनी?' म्हणायच्या. एकदा मी वैतागून सांगितलं, 'कादंबऱ्या लिहिल्या, आई. धडाधड लिहिल्या.' मग त्या सावरून बसल्या. कादंबरी म्हटल्यावर काम वेगळं झालं.

आणि खरंच लिहिल्या. रोम बुडून हजार वर्षं झाल्यावर, लॅटिन कुणाच्याही आईची भाषा उरली नव्हती तेव्हा, युरोपातले शिकलेले लोक तिच्यात कादंबऱ्या लिहीत होते. का? तर पोलंडपासून पोर्तुगालपर्यंत जो कुणी शाळेत छड्या खाऊन आलेला होता त्याला त्या वाचता यायच्या. वेशांतर केलेल्या राजकन्या, चाच्यांच्या हाती सापडलेले राजपुत्र, समुद्रात फुटलेली जहाजं. कुणी चंद्रावर चाललाय, कुणी जमिनीच्या पोटात उतरतोय, कुणी एखाद्या बेटावर पोचतोय आणि तिथे सगळंच शहाण्यासारखं चाललंय. एकेकाळी राजेलोक उशाला ही पुस्तकं ठेवत. मग ती इंग्रजीत गेली, फ्रेंचमध्ये गेली, आणि त्या भाषांतले लोक त्यांच्यावरूनच शिकले: गोष्ट मधूनच कशी सुरू करायची, राजकारण प्रेमकथेत कसं कालवायचं, खोटा देश उभा करून खऱ्या देशाचं हसं कसं करायचं. शिकून झाल्यावर मूळ पुस्तकांकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. खापरपणजोबांचं नाक सगळ्या घराण्याला मिळावं आणि त्यांचं नाव एकालाही सांगता येऊ नये, तसं झालं त्यांचं. त्यांना दुपारी पेटीतून काढून, धूळ झटकून, कागदावर नोंद करायची, हे माझं काम.

त्या वर्षी माझ्या टेबलावर असंच एक पुस्तक होतं. तळहातात मावेल एवढं लहान, पण विटेसारखं जाड. लेखकाचं नाव नाही. मी आठवड्यातले दोन दिवस घरून काम करायचे, पानांचे फोटो लॅपटॉपवर असायचे, आणि चार वाजता चहाबरोबर सासूबाईंना त्याची गोष्ट हप्त्याहप्त्याने सांगायचे. एक राणी, तिला मागणी घालणारे दोघे, दोघांनीही खोटी नावं घेतलेली. एक मूर्ख प्रधान. आणि राणीच्या जहाजावर एक साधा वैद्य, जो फार बोलत नाही पण जखमा मात्र तोच बांधतो. ती ग्रीक वळणाची नावं सासूबाईंच्या जिभेवर बसेनात. त्यांनी आपली नावं ठेवली: थोरला, धाकटा, टोणगा आणि वैद्यबुवा.

'ही तर आमची सिरियल,' एकदा त्या म्हणाल्या. 'परवाच्या भागात ती नवऱ्याच्याच ऑफिसात मिशी लावून गेली नव्हती का?'

'तुमच्या सिरियलची खापरपणजी आहे ही, आई.'

'आणि हा टोणगा. हा कुणीतरी खरा असणार. लिहिणाऱ्याने कुणावरचा तरी राग काढलाय. लेकी बोले सुने लागे, दुसरं काय!'

मी चहाचा कप खाली ठेवला. ह्या कादंबऱ्यांचं हे जे मर्म आहे, की प्रधानाचं नाव खोटं पण प्रधान खरा, राणी खोटी पण दरबार खरा, ते मला शिकवायला लायब्ररीतल्या आमच्या वरिष्ठ बाईंना तीन तास लागले होते. सासूबाईंनी ते चार शब्दांत, खारी बुडवता बुडवता सांगितलं. आणि ती म्हण सासूने सुनेला ऐकवावी, ह्याच्यावरही आम्ही दोघी खूप हसलो.

मग मार्चमध्ये तो गुरुवार आला. दुपार झाली तरी सासूबाई बाजारातून परतल्या नाहीत. त्यांनी फोन घरीच ठेवला होता. शेवटी कुठल्याशा दुसऱ्याच बसच्या ड्रायव्हरने, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, डेपोत बसवून ठेवलेल्या सापडल्या. मांडीवर मेथीच्या जुड्या. 'स्टॉप बदललेत मेल्यांनी,' एवढंच म्हणाल्या. त्याआधी दोनदा दुधाचं पातेलं करपलं होतं, एकदा बटाटे एकाच दुपारी दोन वेळा उकडून झाले होते. मी ते नवऱ्याला सांगितलं नव्हतं. त्या गुरुवारी सांगितलं.

नवरा घाबरला. घाबरला की तो रागावल्यासारखा दिसतो. त्याने आईसमोर हात पुढे केला आणि म्हणाला, 'आई, किल्ली दे. थोडे दिवस. डॉक्टर काय म्हणतो ते बघू.'

सासूबाईंनी त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. त्यांनी पिन उघडली, लाल दोरा काढला आणि किल्ली त्याच्या हातात न देता टेबलावर ठेवली. 'ठेवा,' म्हणाल्या. 'कोंडा मला.' त्यानंतर कितीतरी दिवस चहाला त्या 'आज काय झालं राणीचं?' असं विचारेनात. हात मात्र कार्डिगनच्या आत जायचा, रिकामा बाहेर यायचा. मला ते बघवत नव्हतं, आणि ज्याअर्थी बघवत नव्हतं त्याअर्थी मी भांडायला हवं होतं. एरवी लिंगावरून भांडणारी बाई मी, तिथे गप्प बसले.

जीपीने, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरने, मेमरी क्लिनिकला पाठवलं. माझ्या कामाचा दिवस होता, म्हणून नवरा घेऊन गेला. घरी आला तो गाडीतच बसून राहिला. मी बाहेर जाऊन काचेवर टकटक केली.

'डेट आठवला नाही, ओके,' तो म्हणाला. 'कागदावर घड्याळ काढला, नीट काढला. पण नर्सने विचारलं, तुमच्या हजबंडचं नाव काय. आणि आई नुसती हसली. खाली बघितलं. काहीच नाही बोलली. शी डझन्ट नो डॅड्ज नेम.' आणि तो माझा पंचेचाळिशीचा बाप्या स्टिअरिंगवर डोकं टेकून हमसाहमशी रडायला लागला.

मी त्याच्या पाठीवरून हात फिरवत उभी राहिले. मलाही ते खरं वाटलं. तारीख काय, कुणीही विसरतं. पण चाळीस वर्षं ज्याच्याबरोबर काढली त्याचं नाव गेलं म्हणजे सगळं गेलं. त्याच संध्याकाळी आम्ही ठरवून टाकलं: त्यांनी एकटीने बाहेर पडायचं नाही, गॅसला हात लावायचा नाही, मी कामावर असेन ते दिवस म्हाताऱ्यांच्या डे सेंटरमध्ये बसायचं. पक्का निकाल पुढच्या भेटीत मिळणार होता, त्याला सहा आठवडे होते. किल्ली नवऱ्याच्या ड्रॉवरमध्ये गेली.

ह्या सहा आठवड्यांत माझं ते विटेसारखं पुस्तक संपत आलं. शेवटी कोरी पानं होती आणि त्यांवर कुणीतरी, फार जुन्या, बारीक, सुंदर अक्षरात, किल्ली लिहिलेली होती. किल्लीच म्हणतात तिला. लॅटिनमधल्या शब्दाचाही तोच अर्थ. डावीकडे कादंबरीतली खोटी नावं, उजवीकडे ती खरी कुणाची ते. अशा किल्ल्या तेव्हा छापूनही मिळायच्या, त्यासाठी लोक जीव टाकायचे. ही हाताने केलेली होती. राणी कोण, थोरला कोण, टोणगा कोण, राणीच्या मागे चवरी ढाळणारी दासी कोण, सगळं होतं. एकच जागा कोरी. डावीकडे वैद्यबुवांचं कादंबरीतलं नाव, आणि उजवीकडे काही नाही. मी रीतीप्रमाणे नोंद केली: एका पात्राची ओळख वाचकाला पटलेली नाही.

सासूबाईंनी राणीची चौकशी करणं सोडलं होतं, पण मलाच राहवलं नाही. चार वाजता लॅपटॉप त्यांच्यापुढे नेला. 'आई, हे बघा. तुमचा टोणगा खरा निघाला.'

त्यांनी चष्मा लावला. अक्षर वाचता येत नव्हतं, पण रकाने कळत होते. बोट फिरवत फिरवत त्या खाली आल्या आणि कोऱ्या जागेवर थांबल्या.

'इथे कोण?'

'वैद्यबुवा. त्यांचं नाव लिहिणाऱ्याला माहीत नव्हतं.'

'माहीत नव्हतं कसं?' त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. 'दासीचं सुद्धा नाव माहीत, आणि जहाजावरच्या वैद्याचं नाही? काहीतरीच तुझं. हे बाईचं अक्षर आहे. आणि हा तिचा माणूस आहे.'

'अहो आई, इंग्रज बायका नवऱ्याचं नाव घेतात. आत्ताही घेतात, तेव्हाही घेत असतील.'

'घेत असतील. ही नाही घेत.' त्यांनी त्या कोऱ्या जागेवर बोटाने टिचकी मारली. 'माहीत नसतं तर प्रश्नचिन्ह नसतं का काढलं? हिने जागा सोडलीय. माहीत आहे म्हणून सोडलीय.'

मी हसायला तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. ट्यूब पेटली एकदम. मिस्टर. ती सगळी ख्रिसमस कार्डं. ह्या बाईच्या तोंडून बाबांचं नाव मी कधी ऐकलं होतं? आमच्या लग्नात, एकदा, उखाण्यात. बस्स. एरवी 'अहो', 'हे', 'ऐकलंत का', आणि ते गेल्यावर 'ह्याचे बाबा'. फॉर्मवर लिहायच्या, तोंडाने नाही. जे कधी ऐकलंच नाही ते ऐकलं नाही हे तरी कसं कळणार? नवरा इथे वाढलेला, त्याला काय माहीत. पण मी तर पुण्याची होते, मला कळायला काय झालं होतं!

'आई,' मी म्हटलं, 'त्या दवाखान्यात नर्सने बाबांचं नाव विचारलं...'

'विचारलं की.'

'मग सांगितलं का नाहीत?'

'असं कसं सांगू?' त्या चक्क लाजल्या. 'पोटचा पोरगा शेजारी बसलेला. ती परकी पोरगी. आणि एकदाच विचारलं गं तिने! नाव घ्या, नाव घ्या, असा आग्रह नको का करायला? एकदा विचारलं की लगेच घडाघडा नाव घ्यायला मी काय भाजीवाली आहे? आणि तिने तरी माझं नाव कुठे घेतलं? मला बदक म्हणाली.'

इथले लोक प्रेमाने सगळ्यांनाच 'डक' म्हणतात, पण ते समजावून सांगण्याच्या अवस्थेत मी नव्हते. मी त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून आधी हसत होते आणि मग रडत होते, आणि त्या माझ्या डोक्यावर थापटत 'काय झालं बाई हिला' म्हणत होत्या. मला त्यांच्यापुढे नाक घासावंसं वाटत होतं. इतके आठवडे त्यांना घरात कोंडलं होतं, आणि का, तर आग्रह केला नाही म्हणून!

नवऱ्याला सांगितलं तर त्याला ते पटेना. 'पण उखाणा तर गेम असतो ना? वेडिंगमधला?'

'गेम तुझ्यासाठी. त्यांच्यासाठी तेवढंच एक दार आहे.'

पुढच्या भेटीला मीही गेले. नर्सला आधी बाजूला घेऊन समजावलं. बाई गुणी होती. नीट ऐकलं, मग खुर्ची पुढे ओढली, दोन्ही हात जोडले आणि माझ्याकडून शिकून घेतलेलं 'नाव घ्या' तिने 'नाऊ ग्या' असं तीनदा म्हटलं. मीही म्हटलं. नवऱ्यालाही मी कोपराने ढोसलं, त्यानेही म्हटलं. त्या निळ्या खुर्च्यांच्या खोलीत, हात धुण्याच्या पाटीखाली, आम्ही तिघं लग्नघरातल्यासारखे एका म्हाताऱ्या बाईला आग्रह करत होतो.

सासूबाईंनी कार्डिगनवरून पदर पुढे ओढला. क्षणभर डोळे मिटले. त्यांना आठवेल ना, एवढंच माझ्या मनात होतं. मग त्या म्हणाल्या:

'दाराला कुलूप, कुलपाला किल्ली,
—रावांचं नाव घेते, विसरते जरी हल्ली.'

मग मी टाळ्या पिटल्या. नवऱ्याला किल्ली कळली, 'विसरते' कळलं, आणि मधलं नाव कळलं. तो एवढा मोठा माणूस, आईच्या तोंडून आपल्या बापाचं नाव बहुधा दुसऱ्यांदा ऐकत होता. मी नर्सला भाषांतर करून सांगितलं. ती म्हणाली, हे इथल्या इथे रचलं त्यांनी? आणि कागदावर काहीतरी खोडून पुन्हा लिहिलं.

निकाल काही अगदी गोड नव्हता. विसरणं सुरू झालं होतं, आणि ते सासूबाईंनी स्वतःच यमकात सांगितलं होतं. पण डॉक्टर म्हणाले, अजून सुरुवातच आहे, त्यांना फिरू द्या, बाजार करू द्या, खिशात फक्त पत्त्याचं कार्ड ठेवा. घरी आल्या आल्या नवऱ्याने ड्रॉवर उघडला आणि लाल दोरा पुढे धरला.

'आई, सॉरी. हा तुझा किल्ली.'

'ही,' सासूबाई म्हणाल्या. 'ही तुझी किल्ली.' आणि पिन लावून टाकली.

लायब्ररीत जाऊन मी नोंद बदलली. 'ओळख पटलेली नाही' हे खोडलं आणि लिहिलं: एका पात्रापुढची जागा लिहिणाऱ्याने कोरी सोडलेली आहे. आमच्या बाईंनी विचारलं, ह्यात फरक काय? मी म्हटलं, पुष्कळ आहे. सासूबाईंचा सिद्धांत काही सांगितला नाही. तो खरा असायचा काही पुरावा नाही. त्या वाचणारीला, ती बाई असलीच तर, खरोखरच वैद्याचं नाव माहीत नसेल. पण कोरी जागा म्हणजे अज्ञान, असं धरून चालायचं मी तेव्हापासून सोडलं आहे.

त्यानंतर सासूबाईंनी जवळजवळ दोन वर्षं गुरुवारचा बाजार केला. दोनदा कार्ड दाखवून घरी आल्या, आणि दोन्ही वेळा स्टॉप बदलल्याचं सांगितलं. राणीची गोष्ट मी त्यांना पुन्हा पहिल्यापासून सांगितली. तिसऱ्यांदाही सांगितली. टोणग्याला त्या दर वेळी नव्याने ओळखायच्या.

गेल्या जानेवारीतली गोष्ट. शनिवारची दुपार, मी पोळ्या लाटत होते. पुढच्या खोलीतून सासूबाईंनी कुणाला तरी हाक मारली. आधी मला वाटलं टीव्ही लागलाय. पुन्हा हाक आली. नुसतं नाव. 'अहो' नाही, 'राव' नाही, पदर नाही, आग्रह नाही. गल्लीतल्या पोराला हाक मारावी तसं बाबांचं नाव, एकेरी, मोकळं, मोठ्या आवाजात. 'कुठे गेला गं हा?' त्यांनी मला विचारलं. 'मघापासून हाका मारतेय.' चेहरा अगदी प्रसन्न होता. हात मांडीवर शांत होते. कार्डिगनमधल्या किल्लीकडे एकदाही गेले नाहीत.

मी लाटणं हातात घेऊन दारात उभी राहिले. जे त्या क्लिनिकमध्ये गेलं असं आम्हाला वाटलं होतं आणि गेलं नव्हतं, ते आज गेलं होतं. नाव होतं. ते ज्याचं होतं त्याच्याशी लग्न झालं होतं, तेवढं पुसलं गेलं होतं.

नवरा जिन्यावरून धावत खाली आला. आनंदाने नुसता फुलला होता. 'ऐकलं तू? आईने बाबांचं नाव घेतलं! कुणी विचारलं पण नाही! बघ, आईचा मेमरी परत आला!'

माझ्या ओठांवर 'आईची' आलं होतं. 'आली' आलं होतं. मी काहीच सुधारलं नाही. 'हो रे,' म्हटलं, आणि तव्यावरची पोळी उलटायला आत गेले.